नागपूरच्या धरमपेठेतला रविवारचा फिजिक्स क्लास, मोठ्या माणसांनी नक्की लावा

चार रविवार, सकाळी साडेसात ते साडेनऊ, फी ८०० रुपये. सर रिटायर्ड प्रोफेसर आहेत, गच्चीवरच्या हॉलमध्ये घेतात. विषय एकच, सगळं अणूंचंच बनलंय तर अणू समजले की सगळं समजलं का? मी इंजिनिअर, मला वाटायचं हो, समजलंच ना, गणित तेवढं लांबलचक असेल.

पहिल्याच दिवशी सरांनी तारेला लोखंडी खिळा टांगला, चुंबकाने तो ओढून धरला, मग गॅसच्या टॉर्चने तापवत राहिले, खिळा लालबुंद झाला आणि सुटला. ७७० डिग्रीच्या आसपास. निवल्यावर परत चिकटला. अणू तेच बरं का, एकही बदलला नाही, पण एकट्या अणूला हे ७७० विचारून काहीच फायदा नाही कारण तो आकडा त्याचा नाहीच, सगळ्यांचा मिळून आहे. कॉलेजात चार वर्षं काढली, असं कोणी दाखवलं नव्हतं.

दुसरा रविवार सुपरकंडक्टिव्हिटीचा, म्हणजे खूप थंड केल्यावर काही धातूंतून वीज बिनअडथळा वाहते तो प्रकार, तो सगळ्यात भारी. १९११ ला कामरलिंग ऑनेस या डच शास्त्रज्ञाने पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६९ डिग्रीच्या आसपास, थंड केला आणि रेझिस्टन्सच, म्हणजे विजेला होणारा अडथळाच, गायब. इलेक्ट्रॉनचं समीकरण १९२६ ला हातात आलं, तरी हे असं का होतं याचं बार्डीन, कूपर, श्रीफर या तीन शास्त्रज्ञांचं उत्तर यायला १९५७ उजाडलं, तीस वर्षं भले भले अडकून राहिले होते. नुसतं समीकरण घेऊन बसून ते सुटलं नाही, इलेक्ट्रॉन जोड्यांनी वागतात हे आधी सुचावं लागलं. फिलिप अँडरसन या फिजिक्सवाल्याने १९७२ मध्ये हेच मांडलं, खाली मूळ नियमांपर्यंत उतरता आलं म्हणून तिथून वर सगळं रचता येईलच असं नाही.

एका गोष्टीवर माझं सरांशी पटलं नाही. ते अणूंना फारच बाजूला सारतात. १९५० मध्ये पाऱ्याचे आयसोटोप, म्हणजे कमी-जास्त वजनाचे पाऱ्याचेच अणू, तपासले तेव्हा जड पाऱ्याचं रेझिस्टन्स गायब होण्याचं तापमान किंचित खाली आलं, म्हणजे जोडी जमवण्यात अणूंच्या थरथरण्याचा हात आहे हा धागा खालूनच मिळाला ना? मी विचारलं तर सर थांबले, म्हणाले बरोबर आहे, आणि पुढचा अर्धा तास त्यावरच बोलले. असा मास्तर मिळत नाही राजा.

तिसऱ्या रविवारचं रिनॉर्मलायझेशन, म्हणजे बारीक तपशील टप्प्याटप्प्याने गाळत मोठ्या चित्राकडे जायची गणिती रीत, मात्र पळवलं, त्याला दोन तरी रविवार हवेत. नोट्स मिळत नाहीत, वही न्या. उन्हाळ्याच्या बॅचला कूलर एकच आहे, समोर बसा.