प्रोसायकलिंगस्टॅट्स : सायकल शर्यतीतले डावपेच समजून घ्यायचे असतील तर

टूर द फ्रान्स किंवा जिरो द'इतालिया ही मोठी सायकल शर्यत नुसती व्हिडिओवर बघत असाल, तर निम्मी शर्यत तुमच्या हातून निसटते आहे. प्रोसायकलिंगस्टॅट्स ही वेबसाइट शेजारी उघडी ठेवा, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक सायकलवेड्याला सांगत असतो. आज जरा सविस्तर लिहितो.

साइट फुकट आहे, जाहिराती असतात. भाषा इंग्रजी, पण सगळा कारभार नावांचा आणि आकड्यांचा, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही. चिंचवडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात जिरोची स्टेज, म्हणजे त्या दिवसाचा टप्पा, आपल्याकडे रात्री पावणेनऊच्या आसपास संपते, जुलैत टूरची नऊ-साडेनऊला. म्हणजे नेमकी दुकान आवरायची वेळ. व्हिडिओ लावला की हातातलं काम थांबतं. या साइटचं लाइव्ह पान मात्र गल्ल्याशेजारी मोबाइलवर उघडं ठेवून चाकाचा आउट काढता येतो. मधूनच मान वर करायची, कोण कुठल्या गटात आहे, गटागटात किती अंतर आहे आणि किती किलोमीटर उरलेत ते बघायचं, की परत स्पोक-चावी हातात.

अंतर हाच या खेळाचा जीव आहे. तीन आठवडे, एकवीस स्टेज, आणि शेवटी ज्याची एकूण वेळ सगळ्यात कमी तो जिंकतो. रोज पहिलं येण्याची गरजच नाही. म्हणून पडद्यावर जो सगळ्यात पुढे दिसतो, त्याच्याकडे बघून शर्यत कळत नाही. तो एकूण वेळेत तासभर मागे असेल तर मोठे संघ त्याला खुशाल जाऊ देतात.

जिरो २०२५ ची विसावी स्टेज घ्या. ३१ मे, व्हेर्रेस ते सेस्त्रिएरे, सुमारे २०५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रोमला सांगता, म्हणजे निकाल लागायचा तो इथेच. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची जर्सी, होती मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडे, वय एकवीस. त्याच्या ४३ सेकंद मागे इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ, जो २०१९ ला ही शर्यत जिंकलेला आहे. आणि १ मिनिट २१ सेकंद मागे इंग्लंडचा सायमन येट्स. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, कारण त्या जिरोत त्याने एकही स्टेज जिंकलेली नव्हती. मी बिलबुकाच्या पाठीवर तेवढे दोन आकडे लिहून ठेवले होते : ०:४३ आणि १:२१.

वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे. साडेअठरा किलोमीटरचा चढ, सरासरी ९.२ टक्के, शेवटचे आठ किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता, माथा २,१७८ मीटरवर. त्याआधीच एक गट पुढे निसटला होता आणि त्या गटाच्या यादीत एक नाव खटकत होतं : वाउट व्हान आर्ट. नावावर टिचकी मारली की साइट त्या रायडरची अख्खी कुंडली उघडते. हा १ मीटर ९० सेंटिमीटर उंचीचा बेल्जियन गडी. सपाटीवर, दगडी रस्त्यांवर, स्प्रिंटमध्ये जिंकणारा. असल्या घाटाच्या दिवशी तो पुढे कशाला पळतोय? संघाचा रकाना बघितला की उत्तर मिळतं. व्हिस्मा, म्हणजे येट्सचाच संघ. त्याला पुढे पाठवलंय ते जिंकायला नाही, घाटापलीकडे थांबायला.

कारापाझच्या संघाने घाटाच्या पायथ्याला वेग वाढवला, कारापाझने हल्ला चढवला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्सने घाई केली नाही. आपल्या लयीत त्यांना गाठलं आणि मग तोच निघून गेला. देल तोरोचं सगळं लक्ष कारापाझवर, कारण धोका ४३ सेकंदांवरच्या माणसाचा. येट्स आणि त्यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं. हातातलं काम बाजूला ठेवून मी त्या पानाकडेच बघत बसलो. माथ्यावर पोहोचेपर्यंत अंतराने १:२१ ओलांडलं. रस्त्यावरच्या हिशेबाने गुलाबी जर्सी आता येट्सची होती. हे चित्रात कुठेच दिसत नाही. चित्रात एक बारकासा माणूस धुरळ्यातून एकटा चढताना दिसतो, बस.

खरा खेळ त्यापुढे. उतार संपला की दरीतला रस्ता, आणि मग सेस्त्रिएरेचा लांबलचक पण साधारण चार टक्क्यांचा सौम्य चढ. नऊ टक्क्यांच्या घाटात वेग इतका कमी असतो की दुसऱ्याच्या आडोशाला राहून फारसं काही वाचत नाही. सपाटीला आणि सौम्य चढाला मात्र वारा कापणारा पुढे असेल, तर मागच्याची भरपूर ताकद वाचते. तिथे येट्सला व्हान आर्ट मिळाला. मागे देल तोरोजवळ घाटात साथीदार उरला नव्हता. तो कारापाझकडे बघतोय, कारापाझ त्याच्याकडे. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझी आहे, तू ओढ. देल तोरोचा हिशेब, मी ओढलं तर हा फुकट माझ्या मागे येणार आणि शेवटी मलाच टाकून जाणार. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. १ मिनिट २१ सेकंदांनी मागे असलेला येट्स रोमला ३ मिनिट ५६ सेकंदांनी जिंकला. सव्वापाच मिनिटांची उलथापालथ, तीही एका दुपारीत.

आता त्याच येट्सच्या पानावर २०१८ च्या जिरोपर्यंत मागे जा. त्या वर्षी तीन स्टेज जिंकून गुलाबी जर्सी त्याच्याच अंगावर होती. एकोणिसाव्या स्टेजला हाच फिनेस्त्रे आला. ब्रिटिश रायडर क्रिस फ्रूम तिथून ८० किलोमीटर एकटा पळाला आणि येट्स ३८ मिनिटांहून अधिक मागे पडला. सात वर्षांनी त्याच घाटात त्याने ती जर्सी मिळवली. आणखी एक गोष्ट संघांच्या याद्या बघताना सापडते : देल तोरोच्या संघात होता ॲडम येट्स, सायमनचा जुळा भाऊ. समालोचक हे सांगतीलही, पण दोन टिचक्यांत स्वतः शोधून काढण्यातली मजा वेगळी.

स्लोव्हेनियाचा पोगाचार आणि डेन्मार्कचा विंगेगार्ड यांचं टूरमधलं वैर समजून घ्यायलाही हीच युक्ती. टूरचे निकाल वर्षामागून वर्ष उघडत जा. २०२२ ला ग्रानोंच्या घाटात पोगाचारने विंगेगार्डसमोर २:५१ गमावले. त्याआधी गालिबियेच्या घाटात विंगेगार्डचा संघसाथी रोग्लिच आणि विंगेगार्ड आळीपाळीने हल्ले करत होते आणि हा प्रत्येक हल्ल्याला स्वतः धावून जात होता. २०२३ ला कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकजण एकटा, घड्याळाविरुद्ध) १:३८ आणि दुसऱ्याच दिवशी लोझच्या घाटात पावणेसहा मिनिटं गेली. मग पारडं फिरलं : २०२४ ला पोगाचार ६:१७ ने, २०२५ ला ४:२४ ने जिंकला. हे आकडे क्रमाने वाचले की दोघांच्या संघांनी दरवर्षी डाव का बदलला ते कळू लागतं.

प्रोफाइलस्कोअर नावाचा एक आकडा प्रत्येक स्टेजला दिलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. चढ किती लांब, किती उभा आणि शेवटापासून किती दूर, याचा तो मेळ आहे. तोच घाट शेवटाला असेल तर हल्ले होणार. शेवटापासून साठ किलोमीटर आधी असेल तर मागे पडलेल्यांना परत गाठायला वेळ मिळणार. नवीन माणसाने स्टेज सुरू होण्याआधी एवढं आणि उंचीचा आलेख बघितला तरी पुरे.

जानेवारी २०२६ मध्ये आपल्याकडे पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हाही मी हेच केलं. तिचा दर्जा २.२. पहिला २ म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, दुसरा म्हणजे पातळी. मुलीला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. अख्खा पेलोटॉन, म्हणजे रायडरांचा मुख्य घोळका, डोळ्यांसमोरून काही सेकंदांत सरर्कन गेला, चेनचा आवाज तेवढा कानात राहिला. मुलीने विचारलं, "बाबा, पुढे कोण होतं?" मोबाइल काढून यादी दाखवली, कोण कुठल्या देशाचा, याआधी कुठे जिंकलाय. संध्याकाळपर्यंत तिचे आवडते दोन रायडर ठरले होते.

काय मिळत नाही तेही सांगतो. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे कसे बघत होते, कोणाचे खांदे डुगडुगायला लागले, कोणी साथीदाराला मान हलवून खूण केली, हे आकड्यांत येत नाही. त्यासाठी शेवटचा तास व्हिडिओ बघायलाच हवा. आधीचे तीन-चार तास ही साइट, शेवटचा तास दोन्ही, अशी माझी वाटणी आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

२०२६ ची टूर ४ जुलैला बार्सिलोनात सांघिक टाइम ट्रायलने सुरू होते, आणि शेवटच्या शुक्रवारी-शनिवारी लागोपाठ दोन दिवस शेवट आल्प द्युएझच्या घाटावर आहे. त्या दोन दिवशी निसटलेल्या गटात पोगाचार आणि विंगेगार्डचे साथीदार कोण, ते आधी बघा.