नव्या पेठेतला असेंबल सेट आणि किन्शासाचा पेनड्राइव्ह

आपल्याकडे स्पीकर दाखवायची एकच रीत. मालक कसलंतरी रिमिक्स लावतो, काचेचं कपाट थरथरलं की म्हणतो, "बघा साहेब, बेस!" सोलापुरात नव्या पेठेतल्या दुकानात असेंबल सेट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला स्पीकर-संच, घ्यायला गेलो तेव्हाही तेच. मी खिशातला पेनड्राइव्ह पुढं केला. "हे लावा." माझा मेहुणा चार वर्षं आफ्रिकेत, काँगोची राजधानी किन्शासात किराणा मालाच्या गोदामावर होता, त्यानं आणलेली तिकडची रुंबा गाणी, म्हणजे गिटारींवरची नाचाची गाणी, त्यात आहेत.

पहिली चार मिनिटं मालक कंटाळला. दोघं-तिघं लिंगाला भाषेत संथ, गोड गातायत, एवढंच. मग गाणं वळलं. या भागाला तिकडं सेबेन म्हणतात. गायक मागं सरतात, गिटारी पुढं येतात. भजनात शेवटी टाळकरी उभे राहतात आणि लय चढते ना, तसंच. फक्त इथं ती चढलेली लय खाली यायचं नावच घेत नाही. एक गिटार ताल धरते, एक वरच्या पट्टीत नाचते आणि दोघींच्या मधे तिसरी, मी-सोलो (आपला 'मी' नव्हे, फ्रेंचमधला 'अर्धा'), तीच इवलीशी ओळ विणत राहते. मागावरच्या धोट्याच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

मधूनच एक गडी आरोळ्या देतो, तो अटलाकू. तो नाचणाऱ्यांना चेतवतो आणि पैसेवाल्यांची नावंही घेतो. त्यासाठी लोक पैसे मोजतात. आपल्या तमाशातली दौलतजादाच की!

तर सेट. खालच्या आवाजाला आठ इंची वूफर, मधल्याला चार इंची मिड, वरच्याला ट्विटर, प्लायचे दोन डबे, अ‍ॅम्प्लिफायर धरून ९,२०० रुपये. मिरवणुकीच्या चालीवर बनवलेल्या बहुतेक सेटमध्ये मधला आवाज गाडला जातो, म्हणजे मी-सोलो गेलीच. इथं तिन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात. तिकडचा गायक पापा वेम्बा, त्याचा उंच गळाही चिरकत नाही. फ्रँकोच्या ओके जाझ या बँडची जुनी गाणी लावली की मात्र ट्रम्पेट कानात टोचतात, ट्विटर हलकाच आहे. १९६९ साली निघालेल्या झाइको लांगा लांगा या बँडच्या पोरांनी ती पितळी वाद्यं काढून स्नेअर ड्रम पुढं आणला. त्यांची गाणी यावर झकास वाजतात.

तक्रार एक. घरी लावल्यावर सतत घूंऽऽ. एप्रिलच्या उन्हात डबे रिक्षात घालून दोन खेपा. पहिल्या खेपेला "तुमच्या घरचंच अर्थिंग खराब" ऐकून घेतलं, दुसऱ्या खेपेला आतली सुटी वायर सापडली. पैसे घेतले नाहीत, सॉरीही म्हटलं नाही.

परवा पिन आणायला गेलो तर नव्या गिऱ्हाइकाला माझंच गाणं लावलेलं. मी त्या दिवशी पेनड्राइव्ह लावला तेव्हाच त्यानं कॉपी मारलेली दिसते. पहिली चार मिनिटं पुढं ढकलून, थेट सेबेनपासून.