फायब्रॉइडचं एम्बोलायझेशन: सहा महिन्यांनी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ. ती न कापता तिचा रक्तपुरवठाच तोडायचा, हा एम्बोलायझेशनचा उपाय फ्रान्समधल्या राविना यांच्या गटाने 1995 मध्ये मांडला. त्यामुळे आता याचे दहा वर्षांपर्यंतचे निकाल हाताशी आहेत. 'टाके नाहीत, लवकर घरी' एवढ्यावर याचं मोल ठरवायचे दिवस गेले.

जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून दीडेक मिलिमीटर जाडीची नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिथे बारीक कण सोडतात. बहुतेक वेळा ते 500 ते 700 किंवा 700 ते 900 मायक्रॉनचे असतात. हे दोन्ही बाजूंना करावं लागतं. एकच बाजू बंद झाली तर गाठ दुसरीकडून रक्त ओढत राहते आणि काही महिन्यांत तक्रारी परत येतात. दुखणं सर्वांत जास्त पहिल्या 12 ते 24 तासांत, आणि ते सौम्य नसतं. शिरेतून वेदनाशामक देण्याची सोय आधीच लावलेली असली पाहिजे. पुढचा आठवडाभर बारीक ताप, मळमळ, थकवा हे चालतं. आठवडा उलटल्यावर ताप नव्याने चढला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं किंवा अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, तर मात्र वाट पाहायची नाही. तो संसर्ग असू शकतो.

खरा निकाल पाळीत दिसतो. पहिली पाळी विचित्र असू शकते, तिच्यावरून काही ठरवू नये. तिसऱ्या-चौथ्या पाळीपर्यंत फरक कळतो आणि जास्त रक्तस्रावाची तक्रार असलेल्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना तो स्पष्ट जाणवतो. 'कमी वाटतंय' असं म्हणण्यापेक्षा आकडा मांडलेला बरा. डागाळलेल्या पॅडला 1 गुण, अर्ध्यामुर्ध्या भिजलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20, लहान गुठळीला 1 आणि मोठीला 5. पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त समजतात. उपचाराआधीच्या दोन पाळ्यांची बेरीज लिहून ठेवली नसेल तर नंतरची तुलना नुसत्या आठवणीवर राहते, आणि आठवण सोयीप्रमाणे बदलते. दुसरं माप रक्ताचं. हिमोग्लोबिन आधी वर येतं, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मागे राहतं. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी थांबवायच्या नाहीत. साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. 'पाळी कमी झाली तरी दम लागतोच' ही तक्रार बरेचदा इथेच अडकलेली असते.

आकाराबाबत मात्र बहुतेकींची निराशा होते, आणि ती बरीचशी हिशेबाच्या चुकीमुळे. समजा गाठ 8 × 7 × 6 सेंटिमीटर होती. तिन्ही मापांचा गुणाकार करून 0.52 ने गुणलं की घनफळ साधारण 175 मिली येतं. सहा महिन्यांनी रिपोर्टवर 6 × 5.5 × 5 दिसतं आणि 'दोनच सेंटिमीटर उतरली?' असा प्रश्न पडतो. पण घनफळ आता 86 मिली आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. सहा महिन्यांत निम्म्याच्या आसपास आटणं हा चांगला निकाल आहे. आटणं त्यानंतरही हळूहळू चालू राहतं, पण गाठ नाहीशी व्हावी अशी अपेक्षा धरू नये. पोट सपाट व्हावं एवढ्याचसाठी हा उपाय निवडला तर पदरी नाराजीच येईल. लघवीचा दाब आणि ओटीपोटाचा जडपणा उतरतो, पण रक्तस्रावापेक्षा सावकाश.

लांब पल्ल्याचं भाकीत आकारापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीवर टिकतं: गाठीचा किती भाग मेला. ते साध्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्यासाठी तीन ते सहा महिन्यांनी काँट्रास्ट, म्हणजे रक्तपुरवठा असलेला भाग उजळ दाखवणारं औषध, देऊन एमआरआय करावा लागतो. गाठ पूर्ण काळी, म्हणजे कुठेच काँट्रास्ट न घेणारी दिसली, तर ती पुन्हा वाढण्याची शक्यता फार कमी. कडेला उजळ तुकडा उरला असेल तर आज बरं वाटत असलं तरी तो तुकडा पुढे वाढू शकतो. खर्च वाचवायला हा एमआरआय गाळला जातो आणि तीन वर्षांनी पाळी पुन्हा वाढली की जुनीच गाठ जिवंत राहिली की नवी आली, हे कोणालाच सांगता येत नाही. उजळ तुकडा राहण्याची कारणं ठरलेली आहेत: अंडाशयाच्या धमनीकडून गाठीला छुपा पुरवठा, नळी शिरताना धमनी आकसल्यामुळे कण पुरेसे न पोचणं, किंवा एका बाजूची धमनी न सापडणं. एमआरआयची सीडी जपून ठेवावी. दुसऱ्या वेळी नुसत्या रिपोर्टच्या कागदावर काम भागत नाही.

आता वर्षांचा हिशेब. नेदरलँड्समधल्या एमी चाचणीत गर्भाशय काढण्याची शिफारस झालेल्या स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली होती. एम्बोलायझेशनच्या गटातल्या 81 जणींपैकी 28 जणींची पिशवी दहा वर्षांत शेवटी काढावीच लागली. म्हणजे साधारण 35 टक्के. हा आकडा उलटूनही वाचता येतो: जिथे पिशवी जाणारच होती, तिथे दोनतृतीयांश जणींची वाचली. या 28 पैकी 23 शस्त्रक्रिया पहिल्या पाच वर्षांतल्याच आहेत, पुढच्या पाच वर्षांत वेग मंदावला. ब्रिटनमधल्या रेस्ट चाचणीत पाच वर्षांत पुन्हा काही ना काही करावं लागण्याचं प्रमाण एम्बोलायझेशननंतर 32 टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर 4 टक्के. गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढणं, म्हणजे मायोमेक्टोमी, याच्याशी तुलना ब्रिटनमधल्याच फेम चाचणीत झाली. दोन वर्षांनी जीवनमानाचे गुण मायोमेक्टोमीला 84.6, एम्बोलायझेशनला 80. दोन्हीकडे सुधारणा मोठी होती, पण चार वर्षांत पुन्हा उपचार लागले ते अनुक्रमे 13 आणि 24 टक्के जणींना.

हे आकडे वय बाजूला ठेवून वाचू नयेत. उपचार फक्त आहेत त्या गाठी मारतो, नव्या गाठी यायचं थांबवत नाही. पाळी जाईपर्यंत गाठींना खतपाणी मिळतच राहतं. 47 व्या वर्षी केलेल्या एम्बोलायझेशनला तीन-चार वर्षं तगून राहायचं असतं, 34 व्या वर्षी केलेल्याला पंधरा. चाळिशीच्या उत्तरार्धात हा उपाय जेवढा चपखल बसतो तेवढा पस्तिशीत बसत नाही, असं आमचं मत. मूल हवं असेल तर पहिला विचार मायोमेक्टोमीचा व्हावा. दुसरी बाजूही आहे: 45 च्या पुढे काही जणींची पाळी यानंतर कायमची थांबते, कारण काही कण अंडाशयाच्या पुरवठ्याकडे वळतात. त्याआधीच्या वयात हे क्वचित होतं.

आतल्या अस्तराकडे झुकलेली गाठ असेल तर आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, मेलेली गाठ सुटून बाहेर येऊ लागते. बाळंतपणासारख्या कळा, पाणचट किंवा तपकिरी स्राव, आणि मग मांसाचा तुकडा. पूर्ण पडली तर चांगलंच. अर्धी अडकली तर संसर्ग होतो आणि दुर्बिणीने ती काढावी लागते.

फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरी एकवटून गाठ भाजण्यात, नळीसुद्धा घालावी लागत नाही, पण निवड कडक असते. एमआरआयच्या टी-2 नावाच्या चित्रप्रकारात काळसर दिसणारी गाठ चांगली भाजली जाते. पांढरट, रसरशीत गाठीत उष्णता टिकत नाही आणि बराच भाग जिवंत राहतो. पोटावर जुना व्रण किंवा मध्ये आतडं आलं की त्वचा किंवा आतडं भाजण्याचा धोका. सुईने गाठ आतून तापवण्याचं रेडिओफ्रिक्वेन्सी तंत्र मोजक्या, मध्यम गाठींना बरं, पण त्याला एमीसारखी दहा वर्षांची पुंजी अजून नाही.

या तिन्ही उपायांत गाठ शरीरातच राहते, म्हणजे तिची पॅथॉलॉजी तपासणी होत नाही. फायब्रॉइडसारखा दिसणारा सार्कोमा, म्हणजे कर्करोगाची गाठ, दुर्मीळ असतो, पण असतो. म्हणून उपचारानंतर आटण्याऐवजी झपाट्याने वाढणारी गाठ किंवा पाळी गेल्यावर वाढलेली गाठ 'जुनीच आहे' म्हणून सोडून देऊ नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याचं खापर जुन्या गाठीवर न फोडता आधी अस्तराची तपासणी करून घ्यावी.