25 लिटर रेझिनचा, हाताने फिरवायचा वॉटर सॉफ्टनर: कोल्हापुरात बोअरच्या पाण्यावर कितपत चालतो

घरात महापालिकेचं पाणी पुरेसं येत असेल तर सॉफ्टनरच्या, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या मशीनच्या, भानगडीत पडू नका. काळम्मावाडी धरणाचं काय किंवा पंचगंगेचं काय, पाणी घाटातल्या पावसाचं, सहसा हलकंच असतं. हा परिचय आहे पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी या बाजूच्या बोअरवर चालणाऱ्या घरांसाठी. गिझरची कॉईल पांढरी पडते, शॉवरची भोकं बुजतात, साबण लावला तरी फेस येत नाही, तिथे हे मशीन कामाचं. पण पाणी आपल्याच बोअरचं तपासा. खडकातल्या भेगा वेगळ्या असल्या की एकाच गल्लीतल्या दोन बोअरच्या जडपणात, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणात, दुपटीचा फरक निघू शकतो.

तपासायला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं मीटर उपयोगाचं नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, म्हणून टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, किंचित वाढतोही. मीटर दाखवून सॉफ्टनर गळ्यात मारणारा आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हार्डनेसचं थेंबांचं किट घ्या. ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी, त्यात बफर, मग रंगाची पावडर, की पाणी लालसर जांभळं होतं. नंतर तिसऱ्या बाटलीतून एकेक थेंब टाकून हलवत राहायचं, स्वच्छ निळा रंग येईपर्यंत. लागलेल्या थेंबांना किटवर छापलेल्या आकड्याने गुणलं की जडपणा मिळाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) जडपणा 200 पीपीएमपर्यंत (लिटरला मिलिग्रॅम) योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं आहे.

आता मशीन. फायबरची उभी टाकी म्हणजे व्हेसल, आत 25 लिटर रेझिन, म्हणजे जडपणा धरणारे बारीक मणी, वर पाण्याची वाट बदलणारा हँडलचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, बाजूला मिठाच्या पाण्याची टाकी. उद्यमनगर, शिरोलीकडे वर्कशॉपमध्ये जोडून मिळणारे सेट बहुतेक याच धर्तीचे. रेझिन थर्मॅक्सचं टल्सियन टी-42 किंवा आयन एक्स्चेंजचं इंडिऑन 225 असेल तर शंका घ्यायचं कारण नाही, फक्त 25 लिटरची सीलबंद पिशवी समोर फोडायला सांगा. खरी चलाखी होते ती व्हेसलच्या मापात. 8 बाय 44 इंची व्हेसलमध्ये 25 लिटर रेझिन कोंबलं जातं. बॅकवॉशला, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून धुताना, रेझिन साधारण निम्म्याने फुगतं, वर जागा नसली की मणी ड्रेनमधून गटारात जातात. 9 बाय 48 मागा.

रेझिन जडपणाने भरलं की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं, यालाच चार्ज करणं म्हणतात. एक लिटर रेझिन, लिटरमागे 150 ग्रॅम मीठ दिलं तर, सुमारे 50 ग्रॅम जडपणा धरतं. 25 लिटरला 1,250 ग्रॅम. पाणी 500 पीपीएमचं, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम, तर एका चार्जमध्ये 2,500 लिटर. पाच माणसांचं घर दिवसाला 650-700 लिटर वापरतं, म्हणजे तीन-चार दिवसांनी मीठ. हाच हिशोब नळाला लावायच्या छोट्या फिल्टरला लावून पाहा. आत लिटरभर रेझिन धरलं तरी 100 लिटरला संपतं, पाच बादल्या. पाइपला बांधायच्या चुंबकाबद्दल बोलायलाच नको, त्याने किटमधला एक थेंबही कमी होत नाही.

बसवण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो दाबाचा. मिठाचं पाणी ओढायला व्हॉल्व्हमध्ये इजेक्टर असतो आणि त्याला किमान दीड-दोन किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. गच्चीवरची टाकी बाथरूमच्या तीन-चार मीटर वर, म्हणजे दाब पुरता अर्धा किलोही नाही. मिठाची टाकी भरलेलीच राहते आणि मालक म्हणतो रेझिन खराब निघालं. उलट बाजूने, सबमर्सिबलच्या लाइनवर थेट बसवला तर पाणी जास्त वेगाने जातं. 25 लिटर रेझिनला तासाला 500 ते 1,000 लिटर हा सुखाचा वेग, बोअरचा पंप सहज अडीच हजार देतो. त्यात रेती येते ती वेगळीच. म्हणून बोअरचं पाणी आधी टाकीत, तिथून अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप, मग 20 मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर, मग सॉफ्टनर, आणि पुढे बाथरूम व वॉशिंग मशीन. आत-बाहेर एकेक प्रेशर गेज लावा. पंपाने दीड ते तीन किलोला ताशी हजार लिटर दिलं पाहिजे, नाहीतर बॅकवॉशला रेझिन उचललंच जात नाही.

रेझिन भरताना मधल्या उभ्या पाइपचं (राइजर) तोंड टेपने बंद करायचं, व्हेसलमध्ये एक तृतीयांश पाणी घ्यायचं आणि पाइप मध्यभागी धरून फनेलने ओतायचं. पाइप व्हेसलच्या तोंडाच्या पातळीतच कापलेला हवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, गाडीचं ग्रीस रबर फुगवतं. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप घेऊन हाताने आवळा, वर अर्धा फेरा पुरे. पान्याने दाबून आवळलं की आटी तडकते. गच्चीवर ठेवणार असाल तर वर पत्रा हवाच.

चार्ज करायचा क्रम असा: पंप बंद करून हँडल बॅकवॉशवर, पंप चालू, दहा मिनिटं किंवा पाणी नितळ येईपर्यंत. मग ब्राइन, म्हणजे मिठाचं पाणी: 4 किलो मीठ 15 लिटर पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळलेलं, वीस-तीस मिनिटांत ओढलं गेलं पाहिजे. मिठाची टाकी रिकामी झाली की तिचा कॉक बंद करून त्याच स्थितीत पंधरा मिनिटं हळू धुणं, शेवटी रिन्स, किटमध्ये 5 पीपीएमखाली येईपर्यंत. दर वेळी हँडल फिरवताना पंप बंदच. दाबाखाली फिरवलं की आतलं गॅस्केट फाटतं आणि कच्चं पाणी गुपचूप पुढे मिसळत राहतं. या सगळ्यात अडीचशे-तीनशे लिटर पाणी गटारात जातं. उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या घराने हे आधीच धरावं.

लक्ष्मीपुरीतून खडे मिठाचं पोतं आणलं तर स्वस्त पडतं, पण त्यात माती असते. मिठाचं पाणी ओढणं मंदावलं की आधी इजेक्टरची बारीक नोझल काढून पाहा. टाचणी घालू नका, भोक मोठं होतं, फुंकर किंवा मऊ ब्रश पुरतो. नोझल साफ असूनही ओढत नसेल तर ब्राइनच्या नळीच्या जोडातून हवा शिरत असेल किंवा ड्रेनची नळी दुमडली असेल. नळातून राजगिऱ्याएवढे पिवळसर मणी येऊ लागले तर खालची जाळी तुटली, व्हेसल उघडायलाच लागणार. बोअरचं पाणी बादलीत ठेवल्यावर तांबूस होत असेल तर आधी लोह काढायचा फिल्टर, नाहीतर रेझिनवर थर बसून वर्षभरात क्षमता घसरते.

आपोआप चार्ज करणाऱ्या व्हॉल्व्हचं (ऑटोमॅटिक हेड) कौतुक जपून करावं. टायमरवाला रात्री दोनला चार्ज होतो, आणि तेव्हा पंप बंद असला तर बिचारा पाण्याशिवायच सगळे टप्पे पार करतो. घ्यायचाच तर लिटर मोजून चार्ज होणारा मीटरवाला घ्या, आकडा 2,500 ऐवजी 1,800 टाका म्हणजे एका दिवसाची शिल्लक राहते. तरीही रोज घरात माणूस असेल तर हाताने फिरवायचाच बरा. बिघडायला कमी भाग, आणि सुटे मिळतात.

पूर्ण सॉफ्ट पाण्याने अंघोळ केली तर साबण निघाल्यासारखंच वाटत नाही. बायपासचा कॉक थोडा उघडून आठात एक भाग कच्चं पाणी मिसळा, 500 चं 60 च्या आसपास येतं. किटने मोजा आणि कॉकच्या त्या जागी मार्करने खूण करा.

स्वयंपाकघर आणि बाग कच्च्या लाइनवरच ठेवा. 500 पीपीएम काढलं की लिटरला सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाच्या माणसाला ते नको आणि काळ्या मातीलाही नको, ती चिकट होऊन पाणी मुरवेनाशी होते. चार्जचं खारं पाणीही गटारातच सोडा. शोषखड्ड्यात सोडलं तर ते फिरून आपल्याच बोअरमध्ये येऊ शकतं.