नागपुरातल्या सदर-सिव्हिल लाइन्सकडच्या मिशनरी शाळा: दहावीपर्यंत काय शिकवतात?

‘तिथं बायबल शिकवतात’ म्हणून धास्तावलेल्या पालकांनी आधी शाळेचं वेळापत्रक मागून बघावं. राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावीला इतरांसारखेच 600 गुण: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. गणितात बीजगणित 40, भूमिती 40, अंतर्गत मूल्यमापन 20. कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांना कॅटेकिझम (ख्रिस्ती धर्मशिक्षण) आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण, अशी विभागणी सहसा दिसते. मंडळाच्या 600 गुणांत यातलं काहीच धरत नाहीत. शिवाय मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम 28(3) बघा.

इंग्रजी हा इथला खरा ऐवज. प्रथम भाषा असल्यानं सारांश, पत्र, भाषण यांचा सराव भरपूर होतो.

मार बसतो मराठीत. ‘काय करून राहिला बे’ अस्खलित बोलणारं पोरगं कृतिपत्रिकेत, म्हणजे मंडळाच्या पेपरात, अडखळतं, कारण लिहिण्याचा सराव नाही. उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, निबंध गाइडमधला. ट्यूशन नववीत लावण्यापेक्षा सहावीपासून आठवड्याला एक पत्र किंवा बातमी लिहून घ्या. भूमितीतही तेच: प्रमेय पाठ, पण प्रत्येक पायरीपुढचं कारण गाळतात आणि गुण जातात.

प्रवेशाआधी नववीच्या मुलाची विज्ञानाची प्रयोगवही मागा. आकृत्या आहेत पण निरीक्षणं सगळ्यांची एकसारखी, तर प्रयोगशाळा नावापुरती समजा.