कंपासचा सैल स्क्रू आणि स्पर्शिकेची रचना: नऊ महिन्यांचा अनुभव

सराव परीक्षेत मुलीची स्पर्शिकेची (वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणाऱ्या रेषेची) रचना चुकली, म्हणून हे लिहितेय. कंपासपेटी जूनमध्ये घेतली, 120 रुपयांना. कोनमापक, गुण्ये, कर्कटक सगळं ठीक आहे. माझी तक्रार आहे ती कंपासच्या डोक्यावरच्या स्क्रूबद्दल.

समरूपता आणि पायथागोरस चालू होतं तोवर कंपासला फारसं कामच नव्हतं, त्यामुळे काही कळलं नाही. भौमितिक रचना सुरू झाल्या आणि वर्तुळाची दोन टोकं जुळेनात. फिरवता फिरवता पाय फाकायचे. दुकानात घेऊन गेले तर, "ताई, वापरलेला माल परत नाही होत." निदान स्क्रू तरी आवळून द्या म्हटलं, तर तेही नाही. 120 रुपये काही फार नाहीत, पण ज्या कामासाठी वस्तू घेतली तेच ती करत नसेल तर राग येणारच.

एका स्क्रूसाठी इतकं का, असं वाटेल. एकदा हे करून बघा. केंद्र O, त्रिज्या 4.5 सेमी, बाह्यबिंदू P केंद्रापासून 7.5 सेमी. OP चा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू घ्यायचा, तिथून OP व्यासाचं वर्तुळ काढायचं. ते मूळ वर्तुळाला A आणि B मध्ये छेदतं. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणजे PA आणि PB त्रिज्यांना लंब, म्हणून त्या स्पर्शिका. लांबी पायथागोरसने बरोबर 6 सेमी येते. पण मूळ वर्तुळ काढताना कंपास दोन मिलिमीटर फाकला आणि त्रिज्या 4.7 झाली, की तीच स्पर्शिका 5.8 सेमी भरते. मुलीच्या वहीत नेमकं 5.8 होतं. पायऱ्या सगळ्या बरोबर. ती बिचारी प्रमेय पुन्हा पुन्हा वाचत बसली होती.

आता इथे माझं मत थोडं बदललंय, तेही सांगते. चष्म्याच्या पेचकसाने स्क्रू आवळला तरी चूक पूर्ण गेली नाही. मग तिला काढताना नीट पाहिलं. ती कंपास पायांना धरून फिरवत होती, त्यामुळे पायांवर दाब येत होता. वरची खाचांची मूठ दोन बोटांत धरून, कंपास किंचित पुढे कलता ठेवून फिरवला की अर्धी चूक तिथेच संपते. पेन्सिल आखूड हवी आणि टोक सुईच्या पातळीत. म्हणजे अर्धा दोष आमच्या हाताचाही होता. बाकीचा अर्धा मात्र स्क्रूचाच. आठवड्याभरात तो परत सैल होतो.

याच खटपटीत एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. 5 सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपास तसाच ठेवून परिघावर एका बिंदूपासून एकापुढे एक सहा खुणा करा. सहावी खूण सुरुवातीच्या बिंदूवर पडली पाहिजे, कारण त्रिज्येएवढ्या प्रत्येक जीवेचा (दोन खुणा जोडणाऱ्या रेषेचा) केंद्रापाशी 60 अंशांचा कोन होतो. कंपास एकच मिलिमीटर फाकला तर शेवटची खूण जवळजवळ 7 मिलिमीटर पुढे जाते. डोळ्याला न दिसणारी चूक अशी उघडी पडते.

मोठा मुलगा अकरावीला आहे, त्याला रेडियन, म्हणजे त्रिज्येएवढ्या कंसाचा केंद्रापाशी होणारा कोन, डोक्यात बसत नव्हता. त्याच वर्तुळावर मी 5 सेमी दोरा परिघालगत वळवून ठेवला. कोनमापकावर कोन 57 अंशांच्या जरा पुढे आला. "साठ का नाही गं आई?" मग दोघांनी जीवा आखून पाहिली. जीवा सरळ जाते आणि तिच्यावरचा कंस तिच्यापेक्षा लांब असतो. म्हणून कंसच त्रिज्येएवढा घेतला की कोन साठाच्या आत येतो. दोरा सहा वेळा ठेवूनही वर्तुळ पुरं होईना, 1.4 सेमी उरलं. "म्हणजे परीघ दोन पाय (π) त्रिज्या!" तो स्वतःच म्हणाला. कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले रेडियनमधला कोन, हे त्याला आता पाठ करावं लागत नाही. त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला की कंपासवरचा राग थोडा उतरला.

तरी बोर्डाच्या पेपरला हा कंपास पाठवणार नाही. परवा दुसऱ्या दुकानातून दोन्ही पायांच्या मधे आडवा स्क्रू आणि चाक असलेला कंपास घेतला, 180 रुपयांना. पैसे देण्याआधी काउंटरवरच कागद मागितला, वर्तुळ काढलं, सहा खुणा केल्या. सहावी बरोबर सुरुवातीच्या बिंदूवर बसली. मग पर्स उघडली.