आधी उत्तर, मग गणित : एफईए सॉफ्टवेअर विकत घेताना आमची झालेली फसवणूक

मशीन डिझाइनसाठी फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिसचं (एफईए, म्हणजे भागाचे लहान लहान तुकडे, अर्थात एलिमेंट, करून त्यावरचा ताण काढण्याचं) सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्यांनी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहितोय. विक्रेत्याचं नाव घेत नाही. युक्ती कळली की नावाची गरज उरत नाही, ती कुठलाही विक्रेता कुठल्याही पॅकेजवर करू शकतो.

आम्ही सी-फ्रेम प्रेस, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या चौकटीची दाबयंत्रं, बनवतो; सीची उघडी जागा म्हणजे गळा. अशा प्रेसचा जीव गळ्याच्या आतल्या दोन कोपऱ्यांत असतो. लोड आला की गळा उघडायला बघतो आणि त्या कोपऱ्यांच्या फिलेटवर, म्हणजे गोलाई दिलेल्या भागावर, सगळ्यात जास्त स्ट्रेस (अंतर्गत ताण) येतो. आमच्याकडे एका फ्रेमची प्रत्यक्ष चाचणी झालेली होती. फिलेटवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) लावून स्ट्रेस काढला होता आणि गळा किती उघडतो ते डायल गेजने मोजलं होतं. म्हणून डेमोसाठी हीच फ्रेम द्यायची ठरली.

विक्रेत्याच्या अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरचा फोन आला, "साहेब, कॅड मॉडेलबरोबर टेस्ट रिपोर्टही पाठवा, म्हणजे लोड आणि बाउंडरी कंडिशन अगदी तुमच्यासारख्याच लावता येतील." मागणी रास्त वाटावी अशीच होती. रिपोर्ट गेला.

डेमोच्या दिवशी पडद्यावर फ्रेम आली, सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) काही सेकंदांत मोकळा झाला, कोपरा लालभडक झाला आणि कमाल व्हॉन मिसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस एकत्र करून काढलेला एकच आकडा) गेजच्या आकड्याला जवळजवळ चिकटून निघाला. बैठकीतले सगळे खूष. दुसऱ्या एका विक्रेत्याच्या डेमोत हाच आकडा बराच हुकला होता, कारण त्याने रिपोर्ट मागितलाच नव्हता. त्या बिचाऱ्याचं कोटेशन बाजूला पडलं.

खरेदीनंतर डेमोची फाइल "टेम्प्लेट म्हणून वापरा" असं म्हणत आम्हाला देण्यात आली. ती उघडून मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, बारीक केला आणि बिंग फुटलं. एलिमेंटचा आकार निम्मा केला तर स्ट्रेस एक तृतीयांशाहून जास्त वाढला. पुन्हा निम्मा केला, पुन्हा तेवढ्याच पटीत वाढला. जवळून पाहिलं तर कोपऱ्यांना फिलेटच नव्हता. "मॉडेल सोपं करण्यासाठी" तो काढून टाकून तिथे काटकोनी धारदार कोपरा ठेवला होता.

ज्यांना यातली मेख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. धारदार आतल्या कोपऱ्यात लवचिकतेच्या सिद्धान्ताप्रमाणे स्ट्रेसला मर्यादाच नसते. विल्यम्स या संशोधकाने 1952 मध्ये हे गणित मांडलं. काटकोनी कोपऱ्यात, कोपऱ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की स्ट्रेस सुमारे 37 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मेश जितका बारीक, तितका आकडा मोठा, आणि तो कुठेच स्थिरावत नाही. याचा दुसरा अर्थ असा की हवा तो आकडा मेशच्या मापाने काढता येतो. रेडिओची कळ फिरवून स्टेशन लावावं तसा विक्रेत्याच्या इंजिनिअरने आमचा गेजचा आकडा लावला होता. उत्तर आधीच हातात असल्यावर फक्त कळ फिरवायची बाकी राहते. फिलेट ठेवला असता तर ही चलाखी जमली नसती, कारण फिलेटवरचा स्ट्रेस मेश पुरेसा बारीक झाल्यावर एका आकड्याला येऊन थांबतो.

त्याच फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. सगळी फ्रेम चार नोडच्या (नोड म्हणजे एलिमेंटचे जोडबिंदू) टेट्राहेड्रॉन, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या, एलिमेंटची होती आणि प्लेटच्या जाडीत जेमतेम एक थर. हे एलिमेंट वाकण्यात फाजील ताठर असतात. डिझाइनमध्ये वाकणं महत्त्वाचं असेल तर दहा नोडचे घ्यायचे, हे कोणताही अ‍ॅनालिस्ट पहिल्या वर्षात शिकतो. काही सेकंदांत उत्तर येण्याचं रहस्य हेच. मग गळ्याचं उघडणं पाहिलं, तर ते डायल गेजच्या मापापेक्षा कितीतरी कमी. पी भागिले ए अधिक एम भागिले झेड (सरळ ओढीचा अधिक वाकण्याचा) असा कागदावर काढलेला स्ट्रेस कोपऱ्यापासून लांब, गळ्याच्या मागच्या सरळ कडेवर तरी जुळायला हवा, तोही कमी भरला. डायल गेजचं माप त्याच टेस्ट रिपोर्टच्या पुढच्या पानावर होतं. डेमोत त्याचा उल्लेखही झाला नव्हता, आणि हे निव्वळ नजरचुकीने झालं असं मला वाटत नाही.

गंमत अशी की सॉफ्टवेअर स्वतः वाईट नव्हतं. फिलेट परत घातला, दहा नोडचे एलिमेंट वापरले, कोपऱ्यात मेश दाट केला, की उत्तर सभ्यपणे गेजच्या जवळ आलं आणि मेश आणखी बारीक केल्यावरही हललं नाही. वेळ मात्र काही सेकंदांपेक्षा खूपच जास्त लागला. हाच डेमो प्रामाणिकपणे केला असता तरी विक्री झाली असती, कदाचित.

खरा खिशाला बसलेला फटका लायसन्सचा. डेमोचं लायसन्स मूल्यमापनाचं असल्यामुळे त्यात सगळी मॉड्यूल उघडी होती. आम्हाला मिळालेल्या लायसन्समध्ये कॉन्टॅक्ट (दोन भाग टेकतात तिथलं गणित) होता, पण चिकटवलेला, म्हणजे दोन भाग एकमेकांपासून सुटतच नाहीत असं धरणारा. घर्षणाचा कॉन्टॅक्ट आणि बोल्टचा प्रीलोड (आवळल्यामुळे येणारा ताण) वेगळ्या मॉड्यूलमध्ये. आमच्या मोठ्या प्रेसचं बेड बोल्टने आवळलेलं असतं. तिथे जोड उघडतो की नाही हेच तर पाहायचं असतं. सॉल्व्हर संगणकाचे किती कोअर वापरेल यावरही मर्यादा निघाली. तोंडी "कायमचं" म्हटलेलं लायसन्स कागदावर वार्षिक भाड्याचं होतं, आणि मुदत संपली की जुन्या रिझल्ट फाइलही उघडणार नव्हत्या, कारण त्या फक्त याच प्रोग्रामला वाचता येतात.

तक्रार केली तर उत्तर आलं की मॉडेल बरोबर आहे की नाही याची जबाबदारी वापरणाऱ्याची असते, करारात तसं स्पष्ट लिहिलं आहे. लिहिलेलं असतंच, बहुतेक सगळ्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरच्या करारात असतं. पण ते मॉडेल आम्ही बनवलेलं नव्हतं. यावर पुढे काही उत्तर आलं नाही, आणि पैसेही आले नाहीत.

त्यानंतरच्या खरेदीत आम्ही टेस्ट रिपोर्ट कपाटात ठेवला. विक्रेत्याला फक्त ड्रॉइंग, मटेरियल आणि लोड दिले. तीन वेगवेगळ्या मेशवरचे आकडे मागितले, स्ट्रेसबरोबर डिफ्लेक्शन (भाग किती वाकतो) आणि रिअ‍ॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीजही मागितली, आणि स्ट्रेसचा रंगीत नकाशा सरासरी न काढता दाखवायला सांगितलं. शेजारच्या दोन एलिमेंटमध्ये आकड्यांची मोठी उडी दिसली की मेश भरड आहे हे लगेच कळतं. सरासरीच्या गुळगुळीत रंगांत ते झाकलं जातं. एका विक्रेत्याने एवढ्यावरच अंग काढून घेतलं.

सॉल्व्हर तपासायला 1983 मध्ये स्थापन झालेल्या नाफेम्स या एफईए क्षेत्रातल्या संस्थेचे जुने प्रश्न फार उपयोगी पडतात. त्यातला एलई1 हा लंबवर्तुळाकार पातळ पत्र्याचा प्रश्न आपल्या हाताने, विक्रेत्याच्या मशीनवर बसून सोडवा. डी बिंदूपाशी स्ट्रेस 92.7 मेगापास्कल यायला हवा. तो बहुतेक सगळ्या नावाजलेल्या पॅकेजमध्ये येतो, त्यामुळे त्यावरून निवड करता येणार नाही. पण प्रश्न टाइप करता करता मेनू, एलिमेंटची निवड आणि अडलं तर समोरचा माणूस किती मदत करतो, हे सगळं दिसतं. कॅल्क्युलिक्स किंवा कोड अ‍ॅस्टर यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर दुसरं मत म्हणून फुकट मिळतात. शिकायला वेळ जातो, पण आमची डेमोची फाइल पुन्हा तपासायला कॅल्क्युलिक्सच कामी आलं.

आणि डेमो मूल्यमापनाच्या लायसन्सवर होऊ देऊ नका. कोटेशनमध्ये जी मॉड्यूल लिहिली आहेत तेवढीच उघडी असलेली तात्पुरती लायसन्स-की मागा आणि तिच्यावर आपल्या कामातला सगळ्यात अवघड जोड चालवून बघा. कायमचं की भाड्याचं, किती कोअर, लायसन्स एका संगणकाला बांधलेलं की नेटवर्कवर फिरतं, मुदतीनंतर फाइल उघडणार का, हे पर्चेस ऑर्डरच्या मजकुरात घाला आणि विक्रेत्याची सही त्याच कागदावर घ्या. ब्रोशर किंवा ईमेलमधलं "सगळं समाविष्ट आहे" हे वाक्य आमच्याकडेही होतं.